फळ्यावर न बसलेल्या ओळी

१४ जून २०२५, शनिवार, वाई

माळ्यावरची लोखंडी पेटी आज एकदाची खाली उतरवली. आई चार वर्षं "ती पेटी बघ गं" म्हणत होती आणि मी "पुढच्या खेपेला" म्हणून पुण्याची गाडी पकडत होते. आत बाबांच्या सुविचारांच्या वह्या निघाल्या. एकूण अकरा. नऊ पुठ्ठ्याच्या बांधणीच्या लांबड्या, दोन शाळेच्या दोनशेपानी. सातव्या वहीला गळक्या कौलांचं पाणी लागलंय, शेवटची चाळीसेक पानं एकमेकांना चिकटलीत. सोबत पत्र्याचा एक डबा: रोज फाडायच्या कॅलेंडरची पानं, लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूंवर खरडलेल्या ओळी, एक सिगारेटच्या पाकिटाचा पुठ्ठा. बाबा सिगारेट ओढत नाहीत. पुठ्ठा कुणाचा ते विचारायचं.

पुढे मलाच लागेल म्हणून लिहून ठेवते. बाबा १९८४ ते २००८ वाईच्या एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. चौकशीच्या खिडकीशेजारी चार बाय तीन फुटांचा काळा फळा. वरच्या बाजूला 'आजचा सुविचार', खाली रद्द झालेल्या आणि उशिरा सुटणाऱ्या गाड्या. रोज पहाटे पहिली गाडी लावायच्या आधी बाबा फळा पुसून नवा सुविचार लिहायचे. त्यासाठीची कच्ची सामग्री म्हणजे या वह्या.

बेत असा: डिसेंबरात बाबांना पंचाहत्तर पुरी होतायत. त्याआधी यातून निवडून छोटी पुस्तिका छापायची, नातेवाईक आणि त्यांच्या जुन्या चालक-वाहक मंडळींना वाटायला. बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "कशाला? सगळं उसनंच आहे त्यात."

१५ जून, रविवार

लॅपटॉपवर शीट उघडली. रकाने: वही क्रमांक, पान, मजकूर, वहीत लिहिलेलं नाव, फळ्यावर गेला का, शेरा. फोनने फोटो काढून मजकूर आपोआप उचलून बघितला. बाबांचं अक्षर सुवाच्य आहे, पण जोडाक्षरं त्यांची स्वतःची आहेत. 'कीर्ती'चं 'कीटी' झालं, 'संघर्ष'चा 'संघष'. सरळ हातानेच टाइप करायचं ठरवलं. आई वाचून दाखवणार, मी टाइप करणार.

वह्यांतल्या खुणा उलगडल्या. लाल पेन्सिलीने 'फ' म्हणजे फळ्यावर गेलं. कोपऱ्यात तारीख. काही ओळींपुढे वर्तुळात 'अ'. हा अज्ञात असणार. तसंच शीटमध्ये भरलं.

पहिल्या वहीच्या पहिल्या पानावर:

पृथिव्यां त्रीणि रत्नानि जलमन्नं सुभाषितम्।
मूढैः पाषाणखण्डेषु रत्नसंज्ञा विधीयते॥

पाणी, अन्न आणि सुभाषित ही पृथ्वीवरची तीन रत्नं, आणि मूर्ख मात्र दगडाच्या तुकड्यांना रत्नं म्हणतात. शेजारी 'फ', पण कंस फक्त पहिल्या ओळीला. दुसरी ओळ फळ्यावर गेलेली नाही. का, ते बाबांनी चहा पिता पिता सांगितलं: "स्टँडच्या समोरच सराफाची पेढी होती. भला माणूस. रोज सकाळी फळा वाचायचा."

२८ जून, शनिवार

मधल्या काळात आईने फोनवरून वही एक आणि दोन वाचून दाखवल्या. रोज रात्री अर्धा तास. ४१० नोंदी झाल्या.

पहिली मोठी अडचण नावांची. एकच वाक्य वही एकमध्ये एका संताच्या नावावर, वही चारमध्ये विवेकानंदांच्या, वही नऊमध्ये 'एक इंग्रज विचारवंत' यांच्या. बाबा ज्या कागदावरून उतरवत, त्या कागदावर जे नाव असेल ते. त्यांचा दोष नाही. पण छापायचं तर नाव तपासावं लागणार. एका दुपारीत होईल असं वाटलं होतं.

सुरुवात सोप्यापासून केली. 'मरावे परी कीर्तिरूपे उरावे', खाली 'मनाचे श्लोक'. घरात रामदासांच्या श्लोकांची पोथी आहेच, दोनशे पाच श्लोक, तासाभराचं काम. ही ओळ त्यात नाही. आठव्या श्लोकात आहे ते असं: 'देहे त्यागिता कीर्ति मागे उरावी, मना सज्जना हेचि क्रीया धरावी'. आशय तोच. फळ्यावरच्या ओळीचं वृत्तही मनाच्या श्लोकांचंच, भुजंगप्रयात. शाळेत 'यमाता यमाता' असं टाळी देऊन शिकवायचे ते. चाल जुळली की नाव आपोआप चिकटतं, असं दिसतंय.

याच्या उलट 'दिसामाजी काहीतरी ते लिहावे, प्रसंगी अखंडित वाचीत जावे'. बाबांच्या वहीत त्याखाली 'दासबोध'. दासबोध सगळा ओवीत आहे आणि ही ओळ पुन्हा भुजंगप्रयातच. म्हणजे ग्रंथ न उघडताच 'दासबोध' खोडता आलं. वृत्त कळणं असंही कामाला येतं हे शाळेतल्या बाईंना कळवायला हवं होतं.

दासबोधातलंच एक मात्र अचूक निघालं. विसाव्या दशकाचा चौथा समास, सव्विसावी ओवी: 'सामर्थ्य आहे चळवळीचे, जो जो करील तयाचे'. फळ्यावर एवढंच गेलंय, आणि कितीतरी वेळा. पुढे भगवंताचं अधिष्ठान पाहिजे, असं आहे ना? तो भाग कुठे गेला?

बाबा: "बसत नव्हता."

मी: "चार फूट फळ्यावर?"

बाबा: "खाली महाबळेश्वरच्या गाड्या रद्द असायच्या पावसाळ्यात. त्या कुठं लिहू?" मग थोडं थांबून, "शिवाय युनियनवाल्यांना पहिला अर्धा हवा असायचा. देवळातली मंडळी यायची त्यांना दुसरा. पुरा कुणालाच नको होता."

शीटमध्ये नवा रकाना टाकला: 'पुढची ओळ'.

६ जुलै, रविवार, आषाढी एकादशी

साबुदाणा खाऊन बसलो. आज फक्त एका ओळीवर दिवस गेला, पण गेला तो बरा गेला.

वनमहोत्सव जुलैच्या पहिल्या आठवड्यात असतो. म्हणून दरवर्षी त्या आठवड्यात बाबांच्या फळ्यावर एकच सुविचार: 'वृक्षवल्ली आम्हा सोयरे वनचरे – संत तुकाराम'. वह्यांत हे एकोणीस वेळा आलंय. मी टाइप करत होते आणि आई भाजी निवडता निवडता म्हणाली, "सोयरे नाही गं. सोयरीं."

मी म्हटलं सगळीकडे सोयरेच लिहितात. रोपवाटिकेच्या पाटीवर, शाळेच्या भिंतीवर, निमंत्रणपत्रिकांवर. आई म्हणाली, "लिहू देत." गाथा काढली. 'वृक्षवल्ली आम्हां सोयरीं वनचरें । पक्षी ही सुस्वरें आळविती ॥' आईचंच बरोबर. आणि विचार केला तर व्याकरणाने बरोबर असायलाच हवं. वृक्ष पुल्लिंगी, वल्ली स्त्रीलिंगी, वनचरं नपुंसकलिंगी. अशी मिश्र मंडळी जमली की मराठी त्यांना नपुंसकलिंगी अनेकवचनात घेते. 'मुलगा आणि मुलगी खेळत होती' म्हणतो तसं. 'सोयरीं'मध्ये सगळं रान मावतं. 'सोयरे' केलं की नुसते पुरुष पाहुणे उरतात, लग्नाच्या बोलणीला आल्यासारखे.

मग आईने पुढचं म्हणून दाखवलं, निवडायचं काम न थांबवता:

येणें सुखें रुचे एकांताचा वास । नाहीं गुण दोष अंगा येत ॥
आकाश मंडप पृथिवी आसन । रमे तेथें मन क्रीडा करी ॥
कंथा कमंडलु देहउपचारा । जाणवितो वारा अवसरु ॥

'जाणवितो वारा अवसरु'. किती वाजले ते वारा सांगतो. हे मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं आणि तेही एका वाहतूक नियंत्रकाच्या घरात, जिथे चोवीस वर्षं घड्याळ पाच मिनिटं पुढे लावलेलं असायचं.

शेवट तर फारच वेगळा. 'तुका म्हणे होय मनासी संवाद । आपुलाचि वाद आपणांसी ॥' हा अभंग वृक्षारोपणाचा नाही. झाडं लावा, झाडं जगवा असं त्यात कुठेच नाही. एक माणूस माणसांच्या गुणदोषांच्या चर्चेतून उठून रानात गेलाय आणि तिथे स्वतःशीच भांडतोय. पहिल्या ओळीत त्याला नातेवाईक मिळतात ते माणसं सुटल्यामुळे.

मी बाबांकडे बघितलं. बाबा म्हणाले, "वनखात्याचं पत्रक यायचं, त्यात एवढंच असायचं."

आईचं आणि बाबांचं पाठांतर वेगळ्या जातीचं आहे हे आज लक्षात आलं. बाबांना हजारो पहिल्या ओळी येतात. आईला अभंग थोडे येतात, पण येतात ते पुरे. ती भजनी मंडळात शिकली. तिथे एकीने चरण म्हटला की बाकीच्यांनी पुढचा धरायचा, मध्ये सोडायची सोय नाही.

१२ जुलै, शनिवार

दिवसभर वीज नव्हती. ३० नोंदी. सातव्या वहीची पानं आईने वाफेवर सुटी करून बघितली, शाई पसरली. ती पानं गेली असं धरायचं.

२६ जुलै, शनिवार

'वसुधैव कुटुंबकम्' नऊ वेळा. नाव कुठे 'उपनिषद', कुठे 'संस्कृत सुभाषित', एकदा 'भारतीय संसद'. शेवटचंही अगदी चूक नाही, जुन्या संसद भवनाच्या प्रवेशदालनात हा श्लोक कोरलेला आहे. पण मूळ शोधायला हितोपदेश उघडला आणि हसू आवरेना.

हरीण आणि कावळा मित्र आहेत. एक कोल्हा धष्टपुष्ट हरणाला बघून मैत्री करायला येतो. पोटात हेतू खायचा. कावळा सांगतो, ज्याचं कूळशील ठाऊक नाही त्याला थारा देऊ नये. तेव्हा कोल्हा चिडून दोन श्लोक सुनावतो. पहिला 'निरस्तपादपे देशे एरण्डोऽपि द्रुमायते', म्हणजे जिथे झाडंच नाहीत तिथे एरंडही वृक्ष ठरतो. हा टोमणा कावळ्याला. आणि लगेच दुसरा:

अयं निजः परो वेति गणना लघुचेतसाम्।
उदारचरितानां तु वसुधैव कुटुम्बकम्॥

हा आपला, हा परका, असं मोजणं कोत्या मनाचं; मोठ्या मनाच्यांना सगळी पृथ्वीच कुटुंब. हरीण विरघळतं. पुढे कोल्हाच त्याला शेतातल्या फासापर्यंत नेतो. कावळ्याच्या युक्तीने हरीण सुटतं आणि शेतकऱ्याने हरणावर फेकलेल्या सोट्याने कोल्हा मरतो.

महोपनिषदातही हा विचार आहे, पहिल्या चरणाचे शब्द जरा वेगळे, 'अयं बन्धुरयं नेति'. तिथे तो विरक्त, उदार माणसाचं लक्षण म्हणून येतो, कपट नाही. म्हणजे एकच श्लोक उपनिषदातही शोभतो आणि कोल्ह्याच्या तोंडीही. श्लोक खोटा ठरत नाही. पण रचणाऱ्याने मुद्दाम तो कोल्ह्याला दिला, यात त्याचंही काही म्हणणं असणारच.

बाबांना गोष्ट वाचून दाखवली. ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. मग म्हणाले, "स्टँडवर असे खूप यायचे. 'आपलेच आहात साहेब' म्हणाला की समजायचं, बिनतिकीट बसायचंय."

१० ऑगस्ट, रविवार

नावांच्या दुरुस्त्या, भराभर:

'उठा, जागे व्हा' वह्यांत सगळीकडे विवेकानंद. त्यांनी ते देशभर पोचवलं हे खरं, पण मूळ कठोपनिषदातलं, 'उत्तिष्ठत जाग्रत प्राप्य वरान्निबोधत'. उपनिषद म्हणतं उठा, जागे व्हा आणि श्रेष्ठांकडे जाऊन समजून घ्या. 'ध्येय गाठेपर्यंत थांबू नका' ही विवेकानंदांनी केलेली मोकळी मांडणी. मूळ श्लोकात लगेच पुढे आहे की ही वाट वस्तऱ्याच्या धारेसारखी आहे. ते स्पर्धापरीक्षेच्या क्लासच्या भिंतीवर कोण लिहील?

'जो बदल जगात बघायचाय तो तुम्ही स्वतः व्हा – महात्मा गांधी'. गांधीजींच्या लेखनात हे वाक्य नाही. १९१३ साली 'इंडियन ओपिनियन'मध्ये त्यांनी लिहिलेला परिच्छेद आहे, आपण स्वतःला बदललं तर जगातले प्रवाहही बदलतील, अशा आशयाचा. तो लांब आहे. कुणीतरी त्याचा टी-शर्टवर मावेल असा तुकडा केला.

'तुझं मत मला मान्य नाही, पण ते मांडायच्या तुझ्या हक्कासाठी मी प्राण देईन – व्हॉल्तेर'. हे व्हॉल्तेरचं नाही. इव्हलिन बिअट्रिस हॉल या इंग्रज लेखिकेने १९०६च्या पुस्तकात त्याची वृत्ती समजावून सांगताना लिहिलं, तेही टोपणनावाने. बाईचं वाक्य, पुरुषी टोपणनाव, आणि श्रेय तिसऱ्याला. या एका ओळीवर आईचा अभिप्राय: "नवल नाही."

'माझ्या मराठीचे बोल कौतुके'. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात, चौदाव्या ओवीत आहे 'माझा मराठाचि बोलु कौतुकें । परि अमृतातेंहि पैजा जिंकें'. आणि पुढे 'ऐसीं अक्षरें रसिकें । मेळवीन'. म्हणजे भाषा आपोआप अमृताला हरवते असा दावा नाही. तशी अक्षरं मी जुळवीन, हे काम त्याने स्वतःच्या अंगावर घेतलंय. मराठी दिनाच्या भाषणात पहिला भाग येतो, जुळवायचं काम येत नाही.

संध्याकाळी बाबांशी जरा वाजलं. मी म्हणाले, चुकीचं नाव घालण्यापेक्षा नाव घालायचंच नाही. ते म्हणाले, "नाव नसतं तर कुणी थांबून वाचलं नसतं. लोक सातारची गाडी बघायला येतात. सुविचार मध्ये लागतो." संस्कृतवाल्यांचं याबाबतीत बरं होतं. काशिनाथ पांडुरंग परबांनी निर्णयसागर छापखान्यासाठी जमवलेल्या सुभाषितांच्या भांडारात हजारो श्लोक विषयवार लावलेत: सज्जन, दुर्जन, दारिद्र्य, सिंह, समुद्र. तिथे बोलणाऱ्याच्या वजनावर नाही, विषयावर श्लोक उभा असतो.

२४ ऑगस्ट, रविवार

वही पाच. जोतीराव फुल्यांच्या 'शेतकऱ्याचा असूड'मधला उतारा, १८८३चा. बाबांनी वहीत पुरा उतरवलाय, वळणदार अक्षरात:

विद्येविना मती गेली, मतीविना नीती गेली,
नीतीविना गती गेली, गतीविना वित्त गेले,
वित्ताविना शूद्र खचले,
इतके अनर्थ एका अविद्येने केले.

'फ'ची खूण आहे. पण 'वित्ताविना शूद्र खचले' या ओळीभोवती पेन्सिलीचा कंस. म्हणजे ती फळ्यावर गेली नाही. मी बाबांना पान दाखवलं आणि गंमतीने विचारलं, "ही पण बसत नव्हती?"

बाबांनी चष्मा काढला. "बसत होती."

मग बराच वेळ काही बोलले नाहीत. आई आत गेली. शेवटी म्हणाले, "मीच गाळली. कुणी सांगितलं नव्हतं. स्टँडवर वाद नको वाटला. एक वाहक होता माझ्याकडचा, मुक्कामी गाडीवर असायचा. त्याने सकाळी फळा वाचला आणि विचारलं, 'साहेब, एक पायरी गाळलात काय?' मी म्हटलं जागा नव्हती."

त्या ओळीशिवाय बाकी सगळं शिक्षणाची महती सांगणारं गोड वाक्य होतं, कुठल्याही भिंतीवर चालणारं. ती असली की कळतं कोण कुणाबद्दल बोलतंय. इतर ठिकाणी छापलेलंही बघितलं मी, ही ओळ गाळलेले फलक आजही दिसतात. बाबा एकटे नाहीत. पण ते एकटे नाहीत म्हणून त्यांना बरं वाटलं असं काही दिसलं नाही.

याच वहीत 'शिका, संघटित व्हा, संघर्ष करा'. जुलै १९४२मध्ये नागपूरच्या परिषदेत बाबासाहेबांनी इंग्रजीतून जे सांगितलं त्याचा क्रम वेगळा आहे: शिका, चळवळ करा, संघटित व्हा. शिकल्यावर आधी खळबळ उठली पाहिजे, संघटन त्यातून उभं राहतं. मराठीत संघर्ष शेवटी गेला आणि त्याचा अर्थ मोर्चापुरता झाला. हे पुस्तिकेत तळटीप म्हणून घालायचं की नाही, बाबांवर सोडलं.

आज पुढे काम केलं नाही.

१३ सप्टेंबर, शनिवार

गणपती, पाहुणे, माझ्या ऑफिसचं क्वार्टर एंड. तीन आठवडे शीट उघडली नव्हती. आज उघडली आणि पायाखालची फरशी सरकली.

बाबा शेजारी बसून स्क्रीन बघत होते. म्हणाले, "हे 'अज्ञात' 'अज्ञात' काय लावलंयस?"

मी म्हटलं, तुम्हीच लिहिलंय ना, वर्तुळात 'अ'.

"अज्ञात नाही गं. अर्धं. ज्याचं पुढचं मला ठाऊक आहे की आहे, पण सापडलं नाही, किंवा फळ्यासाठी तोडलं, त्याला 'अ'. रिटायर झालो की पुढचं शोधून लिहीन म्हणून."

अशा ३४२ नोंदी आहेत. ३४२ ठिकाणी मी शहाणपणा करून अज्ञात भरलंय. त्यातल्या कितीतरींचा कर्ता तर पोराटोरांनाही माहीत असलेला. मलाच शंका यायला हवी होती, पण खूण कळल्याच्या आनंदात मी विचारलंच नाही. बाबा रिटायर होऊन सतरा वर्षं झाली.

शीटमध्ये शोधा-बदला करून सगळे 'अज्ञात' उडवले. 'पुढची ओळ' हा रकाना जूनमध्ये मी काढला असं मला वाटत होतं. तो बाबांच्या वहीत पहिल्या पानापासून होता, एका अक्षरात.

१४ सप्टेंबर, रविवार

काल रात्री झोप लागेना म्हणून महानुभाव पंथाबद्दल वाचत बसले. मराठीतला बोलण्याचा पहिला मोठा संग्रह त्यांचाच. तेराव्या शतकात चक्रधर स्वामी गेल्यावर म्हाइंभटांनी त्यांच्या आठवणी गोळा केल्या. रिद्धपूरला नागदेवाचार्यांना विचारलं, मग ज्यांनी ज्यांनी ऐकलं-पाहिलं त्यांच्याकडे जाऊन विचारलं. एकाच प्रसंगाच्या वेगवेगळ्या आठवणी आल्या तर पाठभेद म्हणून त्याही ठेवल्या गेल्या. पुढे केसोबासांनी त्यातली चक्रधरांची वचनं तेवढी वेगळी काढून सूत्रपाठ केला. म्हणजे फळा. आणि सूत्रं सुटी झाल्यावर ती कुठल्या प्रसंगात आली हे विसरायला होऊ लागलं, तेव्हा ते प्रसंग सांगणारे 'प्रकरणवश' ग्रंथ तयार करावे लागले.

सातशे वर्षांपूर्वी हीच अडचण आणि त्यांचा उपाय माझ्या रकान्यापेक्षा चांगला. पुढची ओळ पुरेशी नाही, प्रकरणही हवं. शीटमध्ये शेवटचा रकाना: 'कुठून'. वाक्य मूळ कुणाचं ते वेगळं. बाबांच्या हाती कुणाकडून आलं, ते इथे.

बाबांना समोर बसवून विचारत गेले. त्यांना भराभर आठवत होतं. केशकर्तनालयाच्या आरशावरचं. पाचगणीच्या शाळेत मुलाला सोडायला आलेल्या एका गृहस्थांनी गाडीची वाट बघताना सांगितलेलं. कोल्हापूरकडच्या मालट्रकमागचं. सिगारेटच्या पुठ्ठ्याचा उलगडाही झाला: एक चालक, वाचता यायचं पण लिहायचा कंटाळा, घाटात गाडी बंद पडली तेव्हा दरडीवर रंगवलेली ओळ आवडली म्हणून त्याने आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी उतरवून आणलं. पुठ्ठ्यावर शेवटचे दोन शब्द नाहीत. "तिथं रंग उडाला होता म्हणाला."

५ ऑक्टोबर, रविवार

निवड झाली. २,३१८ नोंदींतून बाबांनी साठ ठेवल्या. मी दीडशे काढल्या होत्या, त्यातल्या बऱ्याच त्यांनी खोडल्या, विशेषतः यश, ध्येय, जिद्द यांच्यावरच्या. "ही लिहिताना मला काही वाटायचं नाही. खडू झिजायचा." फुल्यांचा उतारा पहिल्या पानावर घालायला सांगितला. पुरा. त्याखाली 'कुठून'मध्ये त्या वाहकाने विचारलेलं वाक्य छापायचं का, म्हटलं. बाबा म्हणाले, "त्याला विचार आधी." नंबर मिळवायचाय.

साठातल्या सव्वीस 'अ'वाल्या आहेत. त्यातल्या एकोणीसांचं पुढचं मिळालं. पाच आईने दिल्या, बसल्या जागी.

१८ ऑक्टोबर, शनिवार, धनत्रयोदशी

नंबर मिळाला. वाहककाका आता मुलाकडे फलटणला असतात. बाबांनी स्वतः फोन केला, अंगणात जाऊन. दहा मिनिटांनी आत आले आणि म्हणाले, "छाप म्हणाला. त्याला आठवत नाही म्हणाला, पण छाप."

८ नोव्हेंबर, शनिवार

पहिलं प्रूफ आलं आणि डोकं फिरलं. मी युनिकोडमध्ये दिलेला मजकूर डीटीपीवाल्या दादांनी त्यांच्या जुन्या फॉन्टमध्ये बदलून घेतला. रफार उडाले, 'कीर्ति'चं पुन्हा 'कीटी'. ते कळण्यासारखं होतं. पण त्यांनी 'चुका'ही दुरुस्त केल्या होत्या: 'सोयरीं'चं 'सोयरे', 'मराठाचि'चं 'मराठीचि', आणि हितोपदेशाच्या गोष्टीतला कोल्हा काढून नुसता श्लोक ठेवला होता. फोन केला तर म्हणाले, "ताई, शुभप्रसंगाचं पुस्तक आहे. कोल्हा बरा दिसत नाही. शिवाय पान भरत होतं."

बाबा शेजारीच होते. फोन ठेवल्यावर म्हणाले, "चांगला माणूस आहे. स्टँडवर चालला असता."

२२ नोव्हेंबर, शनिवार

दुसरं प्रूफ. कोल्हा परत आलाय. रफार ठीक. 'मराठाचि' ठीक. पुढची ओळ न मिळालेल्या सात ठिकाणी बाबांच्या सांगण्यावरून खाली कोरी ओळ आखून ठेवलीय, पेनने लिहिता येईल एवढी. सिगारेटच्या पुठ्ठ्यावरची नोंदही तशीच, शेवटच्या दोन शब्दांची जागा सोडून. कागद जाड घेतला, शाई फुटू नये म्हणून. दोनशे प्रती.

आईने प्रूफ वाचताना पान ३१वर बोट ठेवलं. 'सोयरी' झालंय, वरचा अनुस्वार पुन्हा गेलाय. सोमवारी सकाळी छपाईला जाण्याआधी दादांना फोन करायचा.